चाळिशी लागलेल्या अणुभट्टीचा परवाना

उन्हाळ्यात लाँग बीच आयलंडला निघालात की गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट ७४ ची पाटी लागते : फोर्क्ड रिव्हर. मागच्या सीटवरून मुलं "अजून किती वेळ?" विचारत असतात, डिकीत छत्र्या आणि थालीपिठांचा डबा असतो, आणि आपल्याला उतरायचं असतं ६३ ला. म्हणून ती पाटी आपण कधी नीट वाचतच नाही.

एकदा मुद्दाम ७४ ला उतरून बघा. रूट ९ वर ऑयस्टर क्रीकचा पूल लागतो. इथे पूर्वी ऐन थंडीतही लोक गळ टाकून बसायचे, कारण पाणी कोमट असायचं. ते कोमट करणारं अणुवीज केंद्र डिसेंबर १९६९ पासून सप्टेंबर २०१८ पर्यंत या काठावर चाललं. ज्या दिवशी ते कायमचं बंद झालं, त्या दिवशी त्याच्याकडे २०२९ पर्यंतचा वैध परवाना होता. म्हणजे हातात लायसन्स होतं, आणखी साडेदहा वर्षं चालायची मुभा होती, तरी चाक थांबलं.

असं का झालं, हे समजून घ्यायचं कारण आता आपल्याच राज्यात पुन्हा एकदा असा परवाना मागितला जाणार आहे. तेव्हा काय विचारायचं, ते आजपासून ठाऊक असलेलं बरं.

पण आधी माझा या विषयाशी संबंध सांगते. माझं लहानपण बोईसरचं. काका तारापूरच्या केंद्रात कामाला होते. कामावर असताना छातीला एक छोटासा बिल्ला लावत. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, ते त्या बिल्ल्यात नोंदलं जायचं. "काका, तुम्हाला काही होत तर नाही ना?" असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मी काय सांगतो त्याला अर्थ नाही. बिल्ला काय सांगतो ते बघायचं."

पुढे न्यू जर्सीत आले आणि कळलं, की तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आणि ऑयस्टर क्रीकची अणुभट्टी एकाच घरातल्या. तिन्ही जनरल इलेक्ट्रिकच्या. भट्टीतच पाणी उकळायचं आणि तीच वाफ टर्बाइनवर सोडायची, हा तिन्हींचा प्रकार. तारापूर व्यापारी तत्त्वावर सुरू झालं २८ ऑक्टोबर १९६९ ला आणि ऑयस्टर क्रीक १ डिसेंबरला. थोरली बहीण आमच्याकडची.

चाळीस हा आकडा आला कुठून?

आपण परदेशात राहणारी माणसं नूतनीकरणात मुरलेली आहोत. ग्रीन कार्ड दर दहा वर्षांनी, ड्रायव्हिंग लायसन्स दर चार वर्षांनी, शिवाय पासपोर्ट, व्हिसा, ओसीआय. त्यामुळे अणुवीज केंद्राचा परवानाही असाच काहीतरी असणार, फॉर्म भरा, फी भरा, पुढची तारीख घ्या, असं वाटू शकतं. ते पूर्ण चूक नाही, आणि पूर्ण बरोबरही नाही.

अमेरिकेत अणुवीज केंद्राला पहिला परवाना जास्तीत जास्त चाळीस वर्षांचा मिळतो. हा आकडा १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातला आहे. पोलाद किंवा काँक्रीट चाळीस वर्षांनी संपतं, असं कोणा इंजिनिअरनं काढलेलं गणित त्यामागे नाही. वीज कंपनीनं गुंतवलेले पैसे वसूल व्हायला किती काळ लागेल आणि कोणाची मक्तेदारी होऊ नये, असे आर्थिक विचार त्यामागे होते. आपल्याकडे "चाळिशी लागली" म्हणतात, म्हणजे वाचायला चष्मा लागला. माणूस संपला, असा त्याचा अर्थ होत नाही. आता नजर तपासून घ्यायला हवी, एवढाच होतो. अणुभट्टीची चाळिशीही तशीच.

कायद्यात नूतनीकरणाची सोय होतीच. ते नेमकं कसं करायचं, याचे नियम १९९० च्या दशकात ठरले. एका वेळी वीस वर्षं वाढवून मिळतात. पहिलं नूतनीकरण मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स केंद्राला मार्च २००० मध्ये मिळालं. साठ वर्षांनंतर आणखी वीस, म्हणजे ऐंशीपर्यंत जायची पहिली परवानगी डिसेंबर २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या टर्की पॉइंटला मिळाली.

परवाना देताना काय तपासतात, काय तपासत नाहीत

परवाना देणारी संस्था म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, थोडक्यात एनआरसी. नूतनीकरणाच्या वेळी ती मुख्यतः दोन गोष्टी बघते : म्हातारपण आणि पर्यावरण.

म्हातारपण कशाचं? जे भाग हलत नाहीत आणि सहसा बदलले जात नाहीत, त्यांचं. अणुभट्टीचं पोलादी पात्र, तिच्याभोवतीचं संरक्षक कवच, पाइप, केबल, काँक्रीट. पंप किंवा डिझेल जनरेटर बिघडला तर रोजच्या देखभालीत कळतो, म्हणून तो या तपासणीत येत नाही. भिंतीच्या आत गंजणारा पाइप मात्र बोलत नाही. त्याच्याकडे मुद्दाम जाऊन बघावं लागतं.

पोलादी पात्राचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा बसून पोलाद हळूहळू ठिसूळ होतं. पात्र कापून तर बघता येत नाही. म्हणून त्याच पोलादाचे छोटे तुकडे सुरुवातीपासूनच पात्राच्या आत ठेवतात, आणि ठरलेल्या वर्षी एकेक बाहेर काढून प्रयोगशाळेत तोडून बघतात. शितावरून भाताची परीक्षा, ती हीच.

आता काय तपासत नाहीत ते बघा. या केंद्राची वीज अजून हवी आहे का? हा प्रश्न एनआरसी राज्यांवर आणि कंपनीवर सोडते. आजूबाजूची वस्ती वाढली, प्रसंग आलाच तर सगळ्यांना वेळेत बाहेर काढता येईल का? हे रोजच्या देखरेखीत येतं, असं सांगून नूतनीकरणातून बाहेर ठेवलेलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे विचित्र वाटलं. मग ध्यानात आलं, की ड्रायव्हिंग लायसन्स देणारा माणूसही आपली नजर तपासतो; "तुम्हाला जायचंय कुठे आणि का?" असं विचारत नाही. फरक एवढाच, की आपली गाडी आपण विकून टाकू शकतो. शेजारचं अणुवीज केंद्र आपलं नसतं.

वाळूत दडलेला गंज

ऑयस्टर क्रीकच्या परवान्याची मुदत एप्रिल २००९ मध्ये संपत होती. कंपनीनं २००५ मध्ये अर्ज केला. तोपर्यंत नूतनीकरणाचे अर्ज कागदोपत्री तपासून मंजूर होत आले होते. इथे मात्र पहिल्यांदा असं झालं, की नागरिकांची हरकत थेट न्यायमंडळासमोर पुराव्यानिशी सुनावणीपर्यंत पोचली. सप्टेंबर २००७ मध्ये टॉम्स रिव्हरला ती सुनावणी झाली.

हरकत घेणाऱ्या सहा संघटना होत्या. त्यातल्या एकीच्या नावातच आज्या आणि आया होत्या. त्यांचा कायदेशीर लढा सुरू झाला तो रटगर्स विद्यापीठाच्या पर्यावरण कायदा केंद्राच्या मदतीनं. आपल्यापैकी किती जणांची मुलं रटगर्सला आहेत, ते मी सांगायला नको.

हरकत काय होती? भट्टीभोवती एक पोलादी कवच असतं, उलट्या टांगलेल्या विजेच्या दिव्यासारखं. त्याच्या तळाशी बाहेरच्या बाजूला वाळूचा पट्टा होता. वरून पाणी झिरपून ती वाळू ओली राहिली आणि कवच बाहेरून गंजलं. हे १९८० च्या दशकात उघडकीला आलं. १९९२ मध्ये वाळू काढून टाकली आणि पोलादावर इपॉक्सीचा थर दिला. मूळ जाडी होती १.१५४ इंच. सरासरी निदान ०.७३६ इंच तरी असायला हवी, असं ठरलं होतं. सर्वांत गंजलेल्या भागात ती साधारण ०.८ इंच भरत होती. म्हणजे हातात उरलेली शिल्लक एखाद्या नाण्याच्या जाडीएवढी.

सहा संघटना म्हणत होत्या, की एवढी कमी शिल्लक असेल तर मोजमाप वरचेवर व्हायला हवं. कंपनीचे तज्ज्ञ म्हणत होते, की गंज थांबला आहे आणि कवच सुरक्षित आहे. अर्ज केला तेव्हा त्या पट्ट्याची जाडी ठरावीक काळानं मोजत राहायचं वचन त्यात नव्हतं. हरकत आल्यावर ते आलं, आणि शेवटी दर चार वर्षांनी मोजायचं ठरलं. डिसेंबर २००७ मध्ये न्यायमंडळानं कौल दिला तो कंपनीच्या बाजूनं.

मग आज्या हरल्या का? कागदावर हरल्या. पण "आम्ही सांगतो ना, गंज थांबलाय" याच्या जागी "दर चार वर्षांनी मोजून दाखवू" हे आलं. काकांच्या भाषेत सांगायचं, तर कवचाला बिल्ला लागला.

मिळालेली आणि न वापरलेली वर्षं

एनआरसीनं ८ एप्रिल २००९ ला वीस वर्षांचा परवाना दिला. आठवडाभरातच जमिनीखालच्या पाइपांतून ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं पाणी गळत असल्याचं आढळलं. सगळं लक्ष कवचाकडे असताना गळती निघाली ती भलत्याच ठिकाणी. म्हातारपणाचं हेच असतं. गुडघ्याची तपासणी करून घरी यावं आणि दात दुखायला लागावा.

केंद्र बंद पडलं ते मात्र गंजामुळेही नाही आणि ट्रिटियममुळेही नाही. ते पाण्यामुळे बंद पडलं. थंड करायला हे केंद्र बार्नेगॅट बेच्या बाजूनं दिवसाला ६६ कोटी गॅलनांच्या आसपास पाणी ओढायचं आणि गरम करून परत सोडायचं. त्यात माशांची पिल्लं, अंडी, खेकडे ओढले जायचे. किरणोत्सर्गापासूनची सुरक्षितता हा केंद्र सरकारचा प्रांत, तिथे राज्याला बोलता येत नाही. पाणी सोडायचा परवाना मात्र राज्य देतं. न्यू जर्सीनं जानेवारी २०१० मध्ये सांगितलं, की कूलिंग टॉवर बांधा. कंपनीच्या दृष्टीनं तो खर्च परवडणारा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तडजोड झाली : टॉवर नको, पण २०१९ च्या अखेरीस केंद्र बंद. प्रत्यक्षात ते त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर २०१८ ला थांबलं.

म्हणून म्हणते, परवाना म्हणजे मुभा, वचन नव्हे. व्हरमाँट यांकीला फुकुशिमाच्या अपघातानंतर अवघ्या दहा दिवसांनी, २१ मार्च २०११ ला, वीस वर्षं वाढवून मिळाली. ते २०१४ च्या अखेरीस बंद झालं. उलट कॅलिफोर्नियात डायब्लो कॅन्यन बंद करायचं २०१६ मध्ये ठरलं, नूतनीकरणाचा अर्ज २०१८ मध्ये मागेही घेतला, आणि विजेची टंचाई दिसू लागल्यावर २०२२ मध्ये राज्यानंच कायदा करून ते चालू ठेवायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा अर्ज गेला.

बंद करणं फुकट नसतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑयस्टर क्रीकमध्ये पाचशेच्या आसपास लोक काम करत होते. धूर न सोडता रात्रंदिवस मिळणारी सहाशेहून अधिक मेगावॉट वीज गेली. आणि केंद्र गेलं तरी इंधन गेलं नाही. वापरलेलं इंधन २०२१ पर्यंत पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत भरून तिथेच ठेवलं, कारण ते कायमचं न्यायला देशात अजून जागाच नाही. वीज गेली, परवान्यावरचा वाद संपला, पिंपं मात्र राहिली. नूतनीकरणाचा अर्ज मंजूर होवो वा न होवो, तो शेजार कायमचा.

थोरल्या बहिणीचं काय झालं?

तारापूरला चाळीस वर्षांचा परवाना असा प्रकार नाही. भारतात अणुऊर्जा नियामक परिषद एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना देते, आणि दर दहा वर्षांनी केंद्राचा सगळा सुरक्षा-आढावा नव्यानं घ्यावा लागतो. कल्पना चांगली आहे. लहान मुदत, वारंवार तपासणी. पहिल्या दोन भट्ट्या मूळच्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. १९८० च्या दशकात त्यांची क्षमता १६० वर आणली. २००५-०६ मध्ये बंद ठेवून मोठ्या सुधारणा केल्या, आणि २०२० मध्ये त्या पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या.

मात्र टॉम्स रिव्हरला झाली तशी सुनावणी, जिथे शेजारच्या आज्या तज्ज्ञांना न्यायमंडळासमोर प्रश्न विचारतील, ती तिथल्या नूतनीकरणात नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनीही २०१२ च्या अहवालात नियामक परिषदेला पुरेशी स्वायत्तता नसल्याचं नोंदवलं होतं. इकडे मुदत लांब पण हरकतीला दार आहे. तिकडे मुदत लहान पण दार अरुंद. दोन्हीकडचं चांगलं एकत्र आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं बोईसर आणि न्यू जर्सी दोन्हीकडे राहिलेल्या माझ्यासारख्या बाईला वाटतंच.

आता सेलमची पाळी

न्यू जर्सीत आज तीन अणुभट्ट्या चालू आहेत, तिन्ही डेलावेअर नदीच्या मुखाजवळ सेलम काउंटीत : सेलम १, सेलम २ आणि होप क्रीक. राज्यात तयार होणाऱ्या विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. तिन्हींना २०११ मध्ये वीस-वीस वर्षं वाढवून मिळाली आहेत, त्यामुळे त्यांच्या मुदती २०३६, २०४० आणि २०४६ मध्ये संपतात. कंपनीनं एनआरसीला कळवलं आहे, की २०२७ मध्ये आणखी वीस वर्षांसाठी अर्ज करायचा विचार आहे. तो मंजूर झाला तर सेलम १ ची मुदत २०५६ पर्यंत जाईल. तुमची मुलगी आज चौदा वर्षांची असेल, तर तेव्हा ती पंचेचाळीसच्या आसपास असेल. म्हणजे हा निर्णय आपल्यापेक्षा तिचा जास्त आहे.

जून २०२५ पासून तुमचं विजेचं बिल १७ ते २० टक्क्यांनी वाढलं, ते तुम्ही पाहिलंच आहे. डेटा सेंटरमुळे मागणी वाढते आहे, नवी वीज त्या वेगानं येत नाही. अशा वेळी जुनी केंद्रं चालवत राहायचा आग्रह वाढणार, आणि त्यात तथ्यही आहे. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की चालू केंद्रांच्या मुदतवाढीचा निर्णय एनआरसीनं एका वर्षात द्यावा. म्हणजे प्रश्न विचारायला मिळणारा वेळ आता आणखी कमी.

मी नूतनीकरणाच्या विरोधात नाही. कारखाना असो, सासूबाई असोत की आपण स्वतः, वयाकडे बघून कोणाला मोडीत काढू नये. पण तब्येत विचारायला हवी, आणि "मी ठणठणीत आहे" या उत्तरावर समाधान मानू नये.

तेव्हा २०२७ साठी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अर्ज दाखल होऊन स्वीकारला गेला, की फेडरल रजिस्टरमध्ये सूचना येते. तिथून सुनावणी मागायला ६० दिवस असतात, आणि त्या हरकतीत नेमका तांत्रिक मुद्दा लागतो. दुसरं, पर्यावरण अहवालावर मत द्यायला वकील किंवा इंजिनिअर असावं लागत नाही. कोणीही लिहू शकतं, बैठकीत बोलू शकतं. तिसरं, पाण्याचा परवाना राज्याच्या हातात आहे, आणि सेलमच्या दोन भट्ट्यांना कूलिंग टॉवर नाही. होप क्रीकला आहे. ऑयस्टर क्रीकचं भवितव्य ज्या दारातून ठरलं, ते हेच दार.

आणि आपल्या मंडळात काय कमी माणसं आहेत? कोणी धातुशास्त्रातलं, कोणी काँक्रीटमधलं, कोणी वीज कंपनीत, आणि कोणाची मुलगी कायदा शिकते आहे. ज्या भाषेत तो अर्ज लिहिला जाईल, ती भाषा वाचणारे आपल्याकडे कोजागरीच्या दुधाच्या रांगेत उभे असतात.

मुलांनो, हे तुमच्यासाठी. तो अर्ज हजारो पानांचा असेल, सगळा वाचू नका. एक पाइप निवडा, एक भिंत निवडा, आणि विचारा : हे शेवटचं कधी मोजलं, आणि पुन्हा कधी मोजणार? पुढचा सगळा वाद या एका प्रश्नातूनच सुरू होतो.

काका आता नाहीत. त्यांचा तो बिल्ला दर वेळी तपासणीला परत जायचा, त्यामुळे आठवण म्हणून ठेवायला एकही उरला नाही. त्यांचं वाक्य तेवढं माझ्याकडे आहे, ते या दिवाळीला तुम्हाला देते. कोण काय सांगतं त्याला अर्थ नाही. बिल्ला काय सांगतो ते बघायचं.